बॉनेटवरचा राखणदार

१९०० : ब्रुकलिन

आधी वास येतो. ओल्या चामड्याचा, तापलेल्या लोखंडाचा, नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडाचा, आणि या सगळ्यावर पसरलेला घोड्यांच्या लिदीचा. तुम्ही न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात, एका गाडीकारखान्याच्या दारात उभे आहात. रस्त्यावर जे काही हलतंय ते घोडा हलवतोय. दुधाच्या बरण्या, बर्फाच्या लाद्या, कोळशाची पोती, सगळं त्याच्याच मानेवर.

आत दोन भाऊ कामात आहेत. एक जॉन, ज्याला सगळे जॅक म्हणतात, आणि दुसरा ऑगस्टस, म्हणजे गस. आडनाव मॅक. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावाजवळची ही मुलं. १८९३ साली त्यांनी फॅलेसन अँड बेरी नावाचा घोडागाड्या बांधणारा कारखाना विकत घेतला आणि त्याच वर्षी अमेरिकेत मंदी कोसळली. नव्या गाड्या घेणार कोण? मग दुरुस्तीवर दिवस काढले. मोडक्या गाड्या वर्षानुवर्षं हाताखालून गेल्या की गाडी नेमकी कुठे मोडते ते बोटांना पाठ होतं. पाटा कुठे तुटतो, आस कुठे वाकतो, कोणता जोड आधी बोलायला लागतो. ही विद्या त्यांना पुढे जन्मभर पुरली.

कोपऱ्याकडे बघा. वाफेवर चालणाऱ्या गाडीचा आणि विजेवर चालणाऱ्या गाडीचा प्रयोग या भावांनी करून पाहिला आणि बाजूला ठेवला. आता मधोमध उभी आहे ती पेट्रोलवरची बस. साधारण वीस माणसं बसतील एवढी. कंपनी आपला जन्म याच वर्षाचा धरते.

चढा. लाकडी बाकावर बसा. गाडी प्रॉस्पेक्ट पार्कच्या झाडांखालून धडधडत निघते. शेजारचं जोडपं टोपी सांभाळत हसतंय. समोरून येणारा घोडा कान मागे पाडून बिचकतो. तुम्ही बाजूच्या फळीवर तळहात टेकता आणि इंजिनाचे ठोके लाकडातून मनगटापर्यंत येतात. हीच बस आठ वर्षं सहलीची माणसं फिरवणार आहे. त्यानंतर तिचा ट्रक होईल आणि तो आणखी नऊ वर्षं माल ओढेल. एकूण सतरा वर्षं. मोटार म्हणजे श्रीमंतांचं नाजूक खेळणं अशी ज्या काळी समजूत होती, त्या काळातली ही सतरा वर्षं आहेत. जाहिरात करायला भावांकडे पैसा नव्हता. ती गाडी रोज सकाळी सुरू होत होती, हेच लोकांच्या तोंडी गेलं.

मधली वर्षं भरभर सरकू द्या. १९०५ साली कारखाना पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला जातो. लीहाय नदीचं खोरं, आसपास पोलादाचे आणि सिमेंटचे कारखाने, जर्मन वळणाचं इंग्रजी बोलणारे कसबी कामगार. सुरुवातीला गाड्यांवर 'मॅनहॅटन' असं नाव असतं. १९१० पासून 'मॅक' येतं. १९११ साली बड्या भांडवलदारांच्या आशीर्वादानं सॉरर या दुसऱ्या ट्रक कंपनीशी जोडणी होते, आणि हळूहळू भाऊ आपल्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडतात. नाव बॉनेटवर राहतं, माणसं दाराबाहेर जातात. हे लक्षात ठेवा. पुढे पुन्हा पुन्हा हेच दिसणार आहे.

१९१८ : फ्रान्समधला चिखल

पाऊस थांबलाय, पण रस्ता उरलेला नाही. तोफखान्यानं नांगरलेल्या जमिनीत गुडघाभर राडा झालाय. तुमच्या बुटात पाणी आहे. पुढे एका वळणावर ट्रकांची रांग अडकलीय, चाकं जागच्या जागी गरगरताहेत, आणि प्रत्येक गरगरीसोबत गाडी थोडी आणखी खाली जाते.

मागून एक आवाज येतो. साखळीचा. खडखड, खडखड, सावकाश. हा मॅकचा एसी. एडवर्ड ह्युइट या अभियंत्यानं आखलेला, १९१६ साली बाजारात आलेला. त्याचा चेहरा बघा, असा चेहरा क्वचितच दिसतो. बहुतेक ट्रकांचा रेडिएटर नाकासमोर असतो. पहिल्याच धडकेत फुटतो आणि गाडी तिथेच बसते. एसीचा रेडिएटर इंजिनाच्या मागे, चालकाच्या पुढ्यात लपवलाय. त्यामुळे समोर उरतं ते उतरतं, आखूड, बोथट बॉनेट. नाक आत दाबलेलं, जबडा पुढे.

चालकाशेजारी जागा मिळते. छप्पर म्हणजे ताणलेलं कापड, पुढे काच नाही. टायर भरीव रबराचे, हवेचे नाहीत. त्यामुळे पंक्चर होत नाही आणि प्रत्येक दगड थेट तुमच्या माकडहाडाला भेटतो. इंजिन चार सिलिंडरचं. गिअरपेटीतून निघालेली ताकद दोन बाजूंच्या दोन जाड साखळ्या मागच्या चाकांना देतात, सायकलसारखीच, फक्त साखळीची एकेक कडी तुमच्या मुठीएवढी. वेग विचारू नका. सायकलवाला सहज मागे टाकेल. पण अडकलेल्या गाडीला दोर बांधला, चालकानं क्लच हळूच सोडला, साखळ्या ताठ झाल्या, क्षणभर काहीच हललं नाही. मग चिखलानं मोठा सुस्कारा टाकला आणि पुढची गाडी वर आली.

ब्रिटिश सैनिक ओरडतात. त्यांच्या देशात बुलडॉग म्हणजे हट्टाचं दुसरं नाव. एकदा धरलं की सोडायचं नाही. या आखूड नाकाच्या, पुढे जबड्याच्या, सावकाश आणि अडेल गाडीला ते बुलडॉग म्हणू लागलेत. युद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्याकडे मिळून हजारो एसी आहेत, आणि खंदकाखंदकांतून हे नाव फिरतंय. बारसं ज्यांनी केलं ते ना कंपनीचे मालक, ना विक्रेते. चिखलात अडकलेली आणि बाहेर काढली गेलेली माणसं होती ती.

युद्ध संपून चार वर्षं झाल्यावर, १९२२ साली, कंपनी अधिकृतपणे मॅक ट्रक्स हे नाव घेते आणि बुलडॉगला आपलं चिन्ह करते. म्हणजे सैनिकांनी दिलेलं नाव कंपनीनं पुढे फक्त स्वीकारलं. त्यानंतर दोन वर्षांनी जॅक मॅक जातो. आपल्या मोटारीतून जाताना पेनसिल्व्हेनियातल्या वेदर्ली गावाजवळ ट्रॉली गाडीची धडक बसते. तोवर त्याच्या नावाचे ट्रक देशभर धावत असतात. एकटा एसीच १९३८ पर्यंत बनत राहतो, चाळीस हजारांहून जास्त.

१९३२ : कोलोरॅडो नदीची घळ, आणि एक खाट

उष्णता अंगावर भिंतीसारखी आदळते. नेवाडा आणि ॲरिझोना यांच्या मधल्या ब्लॅक कॅनियनमध्ये तुम्ही आहात. दोन्ही बाजूंना काळे कडे, खाली तपकिरी नदी. इथे हूवर धरण उभं राहतंय. नदीला आधी बाजूला वळवायचं म्हणून कड्यांच्या पोटातून चार बोगदे खोदलेत, प्रत्येक साधारण सतरा मीटर व्यासाचा. सुरुंग उडतो, धूर निवतो, आणि फुटलेला खडक बाहेर काढायला ट्रकांची रांग उलट्या दिशेनं आत शिरते. त्यात बोथट नाकाचे मॅकही आहेत.

एका गाडीच्या पायरीवर उभे राहून आत जा. फावड्याच्या यंत्रानं पहिला बकेट ओतला की आख्खी चासी दबते, पाटे करकरतात, मग पुन्हा सावरतात. दुसरा, तिसरा. खडक भरून गाडी उजेडाकडे निघते तेव्हा तुमचं डोकं जड झालेलं असतं, डोळ्यांपुढे काजवे. बंद बोगद्यात पेट्रोलच्या इंजिनांचा धूर साठतो, आणि माणसं त्यानं आजारी पडताहेत. राज्याच्या खाणनिरीक्षकानं त्यावर हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं. गाडीच्या ताकदीचं कौतुक करताना हा धूरही छातीत घेऊनच बाहेर या. ट्रक हवा तेवढा दणकट बांधता येतो, त्याच्याशेजारी उभा असलेला माणूस तेवढा दणकट नसतो.

त्याच वर्षी, खूप दूर, एक रुग्णालय. खोली शांत आहे. खाटेवर आल्फ्रेड फेलोज मॅझुरी पडलेत, मॅकचे प्रमुख अभियंता. शस्त्रक्रिया झालीय आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती दिलीय. यंत्रांत हात घालून जगलेल्या माणसाला रिकामे हात सोसवत नाहीत. त्यांच्या मांडीवर लाकडाचा तुकडा आहे, हातात चाकू. पांघरुणावर भुसा पडतोय. तुम्ही खुर्ची ओढून जवळ बसता. आधी छाती निघते, रुंद आणि पुढे आलेली. मग आखूड मान. मग खाली लोंबणारे गाल, आत दाबलेलं नाक, वर आलेला खालचा जबडा. फ्रान्समधला तो चेहरा तुम्ही लगेच ओळखता.

या लाकडी कुत्र्यावरून मॅकच्या बॉनेटवरचा धातूचा बुलडॉग घडला. मॅझुरींच्या नावानं त्याच्या रचनेचं पेटंट झालं. पण तो रस्त्यावर किती दूर गेला हे पाहायला ते राहिले नाहीत. ४ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकी नौदलाचं ॲक्रन हे प्रचंड हवाई जहाज न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर वादळात सापडून समुद्रात कोसळलं. आतल्या ७६ जणांपैकी ७३ गेले. त्यात पाहुणे म्हणून चढलेले मॅझुरी होते.

खोलीतून निघण्याआधी तो अर्धवट कुत्रा एकदा हातात घ्या. हलका आहे, लाकूड अजून ताजं आहे. एका आजारी माणसाच्या कंटाळ्यातून आलेली ही वस्तू उद्या लाखो चालकांच्या डोळ्यांसमोर, क्षितिजाच्या रेषेवर उभी असणार आहे.

१९५८ : बेडफर्डच्या पुढचा चढ

इथे थोडं जास्त थांबा. मॅकवर लोकांचा जीव का जडला हे कळायचं असेल तर हा चढ चढायलाच हवा.

पेनसिल्व्हेनियात लिंकन महामार्गावर, बेडफर्ड गावाच्या पश्चिमेला तुम्ही रस्त्याकडेला उभे आहात. १९१९ साली लष्करानं वॉशिंग्टनपासून सॅन फ्रॅन्सिस्कोपर्यंत ट्रकांचा ताफा नेला तो याच वाटेनं. त्यातही मॅक होते. आता एक बी-६१ तुमच्यासमोर श्वास सोडत थांबतो. बी मालिका १९५३ साली आली आणि १९६६ पर्यंत चालली. सव्वा लाखाहून जास्त गाड्या. हिचा चेहरा एसीसारखा उग्र नाही. गोल बॉनेट, गोल मडगार्ड, हनुवटी वर करून बघणारी, घरातल्या थोरल्या बाईसारखी ऐसपैस. आणि बॉनेटच्या टोकावर तो कुत्रा.

चालक पन्नाशीचा. गाडी त्याच्या स्वतःच्या मालकीची. मागे लीहाय खोऱ्यातल्या सिमेंटची पोती. दार उघडून तो म्हणतो, "चढ वर. पाय मात्र सांभाळ, तिकडची पत्र्याची बाजू तापते."

केबिन लहान आहे. गुडघे पुढच्या पत्र्याला भिडतात. स्टिअरिंग परातीएवढं, कारण ते फिरवायला मदत करणारं काही यंत्र नाही, आहेत ते फक्त खांदे. आवाज एवढा की बोलायचं तर ओरडावं लागतं. इंजिन मॅकचं स्वतःचं, थर्मोडाइन, सहा सिलिंडर, ११ लिटर, १७० अश्वशक्ती. आज ऐकताना हा आकडा किरकोळ वाटेल. पण याच शक्तीवर हा माणूस एवढा बोजा डोंगरापलीकडे नेणार आहे, म्हणून सगळा खेळ गिअरांचा.

आणि गिअरचे दांडे दोन आहेत.

एका दांड्यात पाच गिअर, दुसऱ्यात तीन. पाच त्रिक पंधरा. योग्य क्षणी योग्य जोडी जुळवायची. कधी एकच दांडा हलवायचा, कधी दोन्ही एकदम. आता बघा. चढ सुरू होतो, इंजिनाचा सूर खाली येतो. चालक पुढे झुकतो, डावा हात स्टिअरिंगच्या आरीतून आरपार घालतो, कोपरानं चाक धरून ठेवतो, डाव्या मुठीत एक दांडा, उजव्या मुठीत दुसरा. क्लच. दोन्ही दांडे मधे. क्लच वर, एक्सलरेटरचा एक नेमका ठोसा, पुन्हा क्लच, दोन्ही दांडे दोन दिशांना. सगळं एका श्वासात. रस्ता वळतोय आणि त्या क्षणी चाकावर एकही तळहात नाही, फक्त कोपर आहे. गिअर बसतो तेव्हा आवाज होत नाही. आवाज न होणं हीच दाद.

"शिकायला किती दिवस लागले?" तुम्ही विचारता.

"दिवस?" तो म्हणतो. "पहिला हिवाळा अख्खा दात करकरवण्यात गेला. गाडीचे आणि माझे."

तो बोलत राहतो. ही रिकामी धावते तेव्हा माणसाला उधळते. मागच्या पाट्यांची घडण उंटाच्या मदारीसारखी, मधे उंच. बोजा नसेल तर ते पाटे वाकतच नाहीत, प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यांत मोजून घ्यावा लागतो. पण भरली की शहाणी होते. हिटर नुसता नावाला आहे, जानेवारीत तो पायांवर घोंगडी घेतो. वेग नाही, चढावर दुसऱ्या बनावटीच्या गाड्या पुढे निघून जातात, तेव्हा राग यायचा. आता येत नाही. कारण यातल्या किती गाड्या पुढच्या वळणावर बॉनेट उघडून उभ्या दिसतात ते त्यानं मोजलंय. हप्ते फिटले त्या दिवशी त्यानं बायकोला शेजारी बसवून गावातून एक फेरी मारली. तिनं कुत्र्याला रुमालानं पुसलं.

चढाच्या माथ्याजवळ डोंगराच्या कडेला चक्क एक जहाज दिसतं. ते जहाजाच्या आकाराचं हॉटेल आहे, १९३२ पासून इथं उभं. डेकवरून तीन राज्यं दिसतात अशी त्याची ख्याती. चालक गाडी बाजूला घेतो, इंजिन लगेच बंद करत नाही, थोडं निवू देतो. घोडा दमून आल्यावर लगेच पाणी पाजत नाहीत, तसं. तुम्ही खाली उतरून बॉनेटवर हात ठेवता. चटका बसतो. आत काहीतरी टिकटिक करत गार होतंय. तो ती टिकटिक मान वाकवून ऐकतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की त्याला सगळं ठीक ऐकू आलंय.

अमेरिकी बोलीत धिप्पाड, न हलणाऱ्या माणसाला 'मॅक ट्रकसारखा बांधलेला' म्हणतात. भाषेत अशी म्हण कुणी पैसे देऊन रुजवू शकत नाही. ती अशा माथ्यांवर, गार होणाऱ्या इंजिनांशेजारी, कॉफीच्या कपावर तयार होते.

१९७१ : तोच डोंगर, एकच दांडा

तेरा वर्षांनी तोच चालक तुम्हाला ओळखतो. गाडी बदललीय. कोनदार, साधी, आर मालिकेतली. रस्ताही बदललाय, आता राज्याच्या आरपार रुंद, एकसंध आंतरराज्य महामार्ग गेलाय. केबिनमध्ये बसलात की पहिली गोष्ट जाणवते ती जागेची. जमिनीतून एकच दांडा वर आलाय.

मॅकनं साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मॅक्सिडाइन हे इंजिन आणलं, आणि त्याच्या जोडीला फक्त पाच गिअरांची पेटी. यातली खुबी समजून घ्या. साध्या इंजिनाचे फेरे कमी झाले की त्याची शक्तीही ओसरते, म्हणून चढावर सारखं खालच्या गिअरात यावं लागतं. मॅक्सिडाइनची २३७ अश्वशक्ती मिनिटाला २१०० फेऱ्यांपासून १२०० फेऱ्यांपर्यंत जवळजवळ तेवढीच टिकते. फेरे उतरतात तशी ओढ वाढत जाते. पंधरा गिअर जे काम करत होते ते पाचांत भागतं.

चढ येतो. सूर खाली उतरतो. चालकाचा डावा हात सवयीनं आरीतून आत जातो आणि हवेत थांबतो. तिथे दांडा नाही. तो हात मागे घेतो, जरा वेळ मांडीवर ठेवतो. सूर आणखी उतरतो, तुम्हालाच धाकधूक वाटते, आता इंजिन बंद पडणार. पडत नाही. गाडी मान खाली घालून ओढतच राहते, जणू फ्रान्समधली ती साखळी पुन्हा ताठ झालीय.

"सोपं झालं," तो म्हणतो. मग बऱ्याच वेळानं, "माझ्या पोराला ते दोन दांडे यायचे नाहीत."

त्याला नवी गाडी आवडते. पाठ कमी दुखते, रात्री घरी लवकर पोचतो. आणि तरी, वीस वर्षं घासून मिळवलेलं कसब एका वर्षात निरुपयोगी झालंय, हेही त्या वाक्यात आहे. दोन्ही खरं आहे. चांगलं यंत्र येतं तेव्हा ते कुणाच्या तरी हातातलं काहीतरी घेऊन जातं.

१९८७ : ॲलनटाउनचं फाटक

थंडी आहे. कारखान्याच्या फाटकातून जेवणाचे डबे हातात घेऊन माणसं बाहेर पडताहेत. हा ॲलनटाउनचा ५सी कारखाना. ज्या गावानं स्वतःला ट्रकांचं गाव म्हणवलं, तिथला हा मुख्य कारखाना बंद होतोय. कंपनीनं नवा कारखाना दूर दक्षिणेत, साउथ कॅरोलायनातल्या विन्सबरोला उभारलाय. मजुरी, संघटना, खर्च, जुनी इमारत, कारणं बरीच सांगितली जातात. फाटकातून बाहेर पडणाऱ्या माणसाला त्यातलं एकच कळतं, उद्या सकाळी कुठे जायचं नाही.

हे गाव सोडून कारखाना गेला, पुढे नावाची मालकीही समुद्रापार गेली. १९७९ पासून फ्रान्सच्या रेनोचा हिस्सा वाढत होता, १९९० साली कंपनी पूर्ण त्यांची झाली. २००१ च्या सुरुवातीला स्वीडनच्या व्होल्वोकडे आली. २००२ साली विन्सबरोचं फाटकही बंद झालं, तिथल्या माणसांनीही असेच जेवणाचे डबे उचलले, आणि जुळणीचं काम पुन्हा लीहाय खोऱ्यात, ॲलनटाउनशेजारच्या मकंजी गावी एकवटलं. २००९ साली मुख्य कचेरी मात्र नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोला गेली.

या वर्षांत मालक-चालकांच्या गप्पांत एकच प्रश्न फिरत राहिला. आता ही आपली गाडी उरली का? उत्तर शोधायला ते कुत्र्याकडे बघायचे. इंजिन, गिअरपेटी, मागचे आस, सगळं मॅकचं असेल तर बॉनेटवरचा कुत्रा सोनेरी. यातलं काही बाहेरच्या कंपनीचं असेल तर तो चंदेरी. लांबून येणाऱ्या गाडीचा कुत्रा उन्हात कसा चमकतो यावरून तिचं कूळ कळायचं. सोनेरी कुत्र्याच्या मालकाच्या बसण्यातच फरक असायचा.

कोकणात गावाचा राखणदार असतो. जमिनीच्या सातबारावर नावं चढतात, उतरतात, वाड्या विकल्या जातात, नवे लोक येतात. राखणदार विकत घेतलेला नसतो, म्हणून विकला जात नाही. जे त्याच्या भरवशावर रात्री वाट चालले त्यांनी त्याला तिथं ठेवलेलं असतं. मॅकच्या कुत्र्याकडे बघताना मला तोच आठवतो. त्याचं नाव सैनिकांनी ठेवलं, त्याचा चेहरा खाटेवरच्या माणसानं कोरला, त्याची म्हण चालकांनी रूढ केली. भावांपासून भांडवलदारांपर्यंत, पॅरिसपासून गोथेनबर्गपर्यंत कागदावरचे मालक आले आणि गेले. कुत्रा जागचा हलला नाही.

आज : मकंजी, आणि पुन्हा ब्रुकलिन

जून महिना. मकंजीच्या बागेत जुन्या ट्रकांचा मेळावा भरलाय. गवतावर ओळीनं उभ्या गाड्या, त्यांच्या सावलीत खुर्च्या टाकून बसलेली माणसं. एका हिरव्या बी-६१ पाशी तुम्ही थांबता. मालक बॉनेटची बाजू उचलून दाखवतो. इंजिनावर तुम्ही जेवू शकाल इतकं स्वच्छ. गाडी वडिलांची होती, मधे पंधरा वर्षं शेतात पडून होती, पत्र्यातून झुडूप वर आलं होतं. बॅटरी बसवली, डिझेल भरलं, थोडी खोकली आणि सुरू झाली, असं तो सांगतो, आणि सांगताना आवाज जरा दाटतो.

तो आपल्या नातीला वर उचलून बसवतो. तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत. "हा हात आतून घाल," तो म्हणतो. ती आरीतून हात घालते. चिमुकल्या मुठीत दांड्याची गोटी मावत नाही. "आता तो दुसरा." ती दोन्ही धरते, जीभ बाहेर काढून, सगळं लक्ष एकवटून. त्या चढावर हवेत थांबलेला हात तुम्हाला आठवतो.

आता शेवटची उडी. पहाट. ब्रुकलिन. न्यूयॉर्कच्या सफाई खात्यानं कचरा उचलायला मॅकची विजेवर चालणारी गाडी चाचणीला घेतली होती, आणि तशीच एक गाडी या गल्लीतून तुमच्याकडे येतेय. आधी वास यायला हवा. येत नाही, निदान इंजिनाचा तरी. थरथर नाही, धूर नाही. ऐकू येतो तो डब्यांचा खडखडाट, कामगारांचं एकमेकांना हाका मारणं, आणि वर कुठेतरी एक पक्षी. बोगद्यातल्या माणसांच्या छातीत गेलेला धूर या गल्लीतल्या माणसांच्या छातीत जाणार नाही. आणि भावांनी ब्रुकलिनमध्येच करून बाजूला ठेवलेला तो विजेचा प्रयोग सव्वाशे वर्षांनी त्यांच्याच नावाखाली दारात आलाय.

पुढे जाऊन बघा. कुत्रा आहे. छाती पुढे, नाक आत, जबडा वर. पण सोनेरी नाही आणि चंदेरीही नाही. विजेच्या गाडीसाठी तो तांब्याच्या रंगाचा केलाय, कारण वीज तांब्यातून धावते.

गाडी थांबते. मागचा कामगार पुढे येतो, रात्रीच्या दवानं ओला झालेला कुत्रा हातमोज्याच्या पाठीनं पुसतो, काही न बोलता, आणि पुढचा डबा उचलायला निघून जातो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही तळहात ठेवता. धातू गार आहे, आणि जिथे त्याचा मोजा फिरला तिथे कोरडा.